रिपोर्टातली रेघ, सलाईनमधलं औषध

जून सरत आला की मुंबईत तापाची साथ येते आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लॅबचे पीडीएफ फिरायला लागतात. ‘एनएस वन पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. म्हणजे डेंग्यू आहे की नाही?’ खाली जितके मेंबर तितकी मतं, आणि पपईच्या पानांचा रस सुचवणारं कुणीतरी असतंच. त्याच ग्रुपवर कुणाच्या तरी आईची ट्रीटमेंट टाटाला चालू असते. तिच्या फाइलवर लिहिलेलं असतं ‘हर-टू थ्री प्लस’ आणि पुढे एका महागड्या इंजेक्शनचं नाव, ज्याच्या शेवटी ‘मॅब’ येतं.

या दोन रिपोर्टांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं सहसा वाटत नाही. पण डेंग्यूच्या कार्डावर लाल रेघ उमटवणारी वस्तू आणि त्या आईला सलाईनमधून जाणारं औषध एकाच जातीचं आहे. दोन्हीकडे अँटिबॉडीच. ती कशी तयार होते हे एकदा कळलं की रिपोर्ट वाचणं सोपं जातं, औषधाच्या किमतीचं कारण कळतं आणि केमिस्ट ‘हे घ्या, सेमच आहे’ म्हणाला तर त्याला काय विचारायचं तेही कळतं.

अँटिबॉडी म्हणजे काय

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ, अंडी आणि जिमवाल्या पोरांचे पावडरचे डबे आठवतात. पण शरीरातली बहुतेक कामं प्रथिनंच करतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ती स्वतःभोवती दुमडून एक ठरावीक आकार घेते, आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. इन्सुलिन हे लहान प्रथिन, त्यात ५१ अमिनो आम्लं. अँटिबॉडीत तेराशेहून जास्त.

अँटिबॉडी बेचकीच्या आकाराची असते. वरच्या दोन फाट्यांची टोकं एकाच विशिष्ट आकाराला जाऊन चिकटतात. डेंग्यूच्या विषाणूला चिकटणारी न्यूमोनियाच्या जंतूकडे ढुंकूनही बघत नाही. ज्याला ती चिकटते त्याला अँटिजेन म्हणतात. बेचकीचा खालचा दांडा संरक्षण करणाऱ्या पेशींना बोलावण्याचं काम करतो. पकडायचं आणि कळवायचं, एवढंच तिचं काम. लॅबवाल्याला यातला पकडण्याचा गुण हवा असतो, डॉक्टरला बहुतेक वेळा दोन्ही.

परळचे घोडे आणि केंब्रिजचे उंदीर

अँटिबॉडी औषध म्हणून वापरायची कल्पना नवी नाही. १८९० मध्ये बर्लिनला बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिलं की प्रतिकारशक्ती आलेल्या प्राण्याच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकतो. आपल्याकडे परळच्या हाफकिनचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं ते १८९७ च्या प्लेगच्या लशीमुळे. पण या लेखाच्या दृष्टीने तिथली सर्पदंशावरची लस जास्त महत्त्वाची. लोक तिला लस म्हणतात खरे, पण ती लस नव्हे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेत टोचत जातात, घोड्याचं शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, आणि त्याच्या रक्तातून त्या काढून शुद्ध केल्या जातात. सर्पदंशावरचं औषध आजही देशभर याच पद्धतीने तयार होतं, आणि त्याने प्राण वाचतात.

अडचणी दोन. एक, घोड्याची प्रथिनं माणसाच्या शरीराला परकी, त्यामुळे काहींना रिॲक्शन येते. दुसरी, घोड्याच्या रक्तात नाना तऱ्हेच्या अँटिबॉडींची भेळ असते. कामाच्या थोड्याच, आणि दर खेपेला प्रमाण वेगळं.

हवी होती ती एकाच प्रकारची अँटिबॉडी, हवी तितकी. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी ते जमवलं. अँटिबॉडी बनवणारी उंदराची पेशी काही दिवसांत मरते. कॅन्सरची पेशी मरत नाही, वाढतच राहते. त्यांनी दोघींचा संकर केला. तयार झालेली पेशी अँटिबॉडीही बनवते आणि मरतही नाही. तिच्यापासून वाढलेल्या सगळ्या पेशी सारख्या, म्हणून त्यांची अँटिबॉडीही एकच. हीच मोनोक्लोनल अँटिबॉडी, आणि ‘मॅब’ हे तिच्याच इंग्रजी नावातलं आद्याक्षरांचं शेपूट. १९८४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. या पद्धतीचं पेटंट कुणी घेतलंच नाही. नंतर या धंद्यात केवढा पैसा आला ते पाहिलं की याची गंमत वाटते.

दुसरा धागा जनुकांचा. पूर्वी मधुमेहाचं इन्सुलिन गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढायचे. १९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्सुलिनचा जनुक ई-कोलाय या जिवाणूत घातला आणि जिवाणू ते बनवायला लागला. १९८२ मध्ये अमेरिकेत हे औषध बाजारात आलं. आज आपल्याकडे आजोबांच्या फ्रिजमध्ये जे पेन असतं, त्यातलं इन्सुलिन सूक्ष्मजीवांकडून करवून घेतलेलं असतं. हे दोन धागे जुळले आणि अँटिबॉडीचा जनुक पेशीत घालून तिच्याकडून हवी ती अँटिबॉडी करवून घेणं शक्य झालं.

कार्डावरची रेघ उमटते कशी

डेंग्यूचं किंवा कोविडचं कार्ड नीट बघा. एका टोकाला गोल खळगी, मध्ये लांबट खिडकी, तिच्या कडेला सी आणि टी ही अक्षरं. खळगीत सॅम्पलचा थेंब पडला की आतल्या कागदी पट्टीवर तो ओला डाग सरकू लागतो. वाटेत त्याला सुट्या अँटिबॉडी भेटतात, आणि प्रत्येकीला सोन्याचा अतिसूक्ष्म कण चिकटवलेला असतो. हो, सोनंच. इतक्या बारीक कणांत सोनं पिवळं दिसत नाही, लाल दिसतं. सॅम्पलमध्ये विषाणूचं प्रथिन असेल तर ही अँटिबॉडी त्याला धरते आणि दोघं मिळून पुढे जातात. टी जवळ त्याच प्रथिनाला पकडणारी दुसरी अँटिबॉडी कागदाला पक्की बसवलेली असते. ती या जोडीला अडवते, सोन्याचे कण तिथे साचतात आणि रेघ दिसते. सी जवळ मात्र सोनेवाल्या अँटिबॉडीलाच पकडायची सोय असते, विषाणू असो नसो. म्हणून सी ची रेघ आलीच नाही तर टेस्ट फुकट गेली, मग टी जवळ काहीही दिसो. गरोदरपणाची घरगुती चाचणीही याच तत्त्वावर चालते.

आता वरचा रिपोर्ट. एनएस वन हे विषाणूचं स्वतःचं प्रथिन, तापाच्या पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्यापर्यंत सापडतं. आयजीएम आणि आयजीजी या तुमच्या शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी. आयजीएम चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागते आणि दोन-तीन महिने रेंगाळते. आयजीजी मागाहून येते आणि वर्षानुवर्षं राहते, पण डेंग्यू दुसऱ्यांदा होत असेल तर ती लवकर आणि जोरात वर येते. तेव्हा तापाच्या दुसऱ्या दिवशी एनएस वन पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह आणि आयजीजी पॉझिटिव्ह आलं, तर बहुधा डेंग्यू आत्ता आहे आणि पूर्वीही होऊन गेला असावा. दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त गंभीर होण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टर पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त याबद्दल खोदून विचारतात. ताप उतरल्यावरही विचारतात, कारण धोक्याचे दिवस तेव्हाच असतात. आणि नुसती आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर तो महिन्याभरापूर्वी होऊन गेलेला डेंग्यूही असू शकतो. सरकारी नोंदीत पक्की केस धरायला नुसतं कार्ड चालत नाही. त्यासाठी एलायझा लागते. त्यात तत्त्व तेच, फक्त अँटिबॉडी प्लास्टिकच्या छोट्या वाट्यांत बसवलेली असते आणि रंग किती चढला ते यंत्र मोजतं.

मग टेस्ट चुकतात कशा?

अँटिबॉडी बरोबर असली तरी प्रश्न चुकीचा असेल तर उत्तर चुकतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण टीबीचं. रक्तात टीबीविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या टेस्ट आपल्याकडे धडाक्याने चालायच्या. पण अशा अँटिबॉडी आजार नसलेल्यांतही सापडतात आणि आजार असलेल्यांत सापडतीलच असं नाही. धडधाकट माणसं सहा महिने गोळ्या खायची आणि खरे पेशंट निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन घरी जायचे. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या टेस्ट वापरू नका असं बजावलं आणि २०१२ मध्ये भारताने त्यांच्यावर बंदी घातली. चमकदार कागदावर छापलेल्या रिपोर्टाला आपण फार लवकर मान डोलावतो, हे माझं जुनं दुखणं आहे.

दुसरी गोष्ट बारीक आहे पण मुंबईत घरोघरी लागू पडेल. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेता? थायरॉइडच्या आणि हार्ट अटॅक ओळखण्याच्या ट्रोपोनिनसारख्या कित्येक टेस्टमध्ये अँटिबॉडी जागेवर बसवायला बायोटिनच वापरतात. रक्तात ते आधीच भरपूर असेल तर आकडा भलताच येऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त देण्यापूर्वी लॅबवाल्याला सांगा, तो विचारेलच असं नाही.

औषध म्हणून ती करते काय?

काही स्तनांच्या कॅन्सरमध्ये पेशीच्या अंगावर हर-टू नावाचं प्रथिन प्रमाणाबाहेर असतं आणि ते पेशीला वाढ, वाढ म्हणून सांगत राहतं. साधारण १५ ते २० टक्के स्तन-कॅन्सर असे. बायोप्सीचा पातळ काप काचेवर घेतात, त्यावर हर-टूला चिकटणारी अँटिबॉडी सोडतात. जिथे ती चिकटेल तिथे तपकिरी रंग येतो. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून बघून शून्य ते थ्री प्लस अशी श्रेणी देतात. टू प्लस आलं तर अधांतरी, मग फिश नावाची आणखी एक टेस्ट. थ्री प्लस आलं तर औषध म्हणून हर-टूला पकडणारी दुसरी अँटिबॉडी, ट्रास्टुझुमॅब. तपासणीत जिने खूण दाखवली, उपचारात तिचीच बहीण जाऊन त्या खुणेला बसते, वाढीचा निरोप अडवते आणि शरीराच्या पेशींना तिकडे बोलावते. हे औषध अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झालं. म्हणूनच ‘शेजारच्या काकूंना ते इंजेक्शन दिलं, मला का नाही’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा त्या काचेवर असतं.

अलीकडे या अँटिबॉडीच्या पाठीवर केमोचं औषध लादून ते थेट कॅन्सरच्या पेशीत नेऊन सोडतात. ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टिकॅन हे त्यातलं. २०२४ च्या अर्थसंकल्पात ज्या तीन कॅन्सर औषधांवरची कस्टम ड्युटी उठली, त्यांतलं हे एक. हर-टू कमी असलेल्या काही पेशंटांनाही ते देता येतं.

कॅन्सर सोडा, कुत्रा चावल्यावरही अँटिबॉडीच लागते. रेबीजची लस तुमच्या शरीराला अँटिबॉडी बनवायला शिकवते, पण त्याला एक-दोन आठवडे जातात. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर तेवढा वेळ नसतो. म्हणून पहिल्या दिवशी तयार अँटिबॉडी जखमेतच आणि तिच्या कडेने टोचतात. वर्षानुवर्षं ती घोड्याकडून किंवा माणसाच्या रक्तातून यायची. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने काढलेली मोनोक्लोनल अँटिबॉडीही मिळते. पण आधी जखम नळाखाली, साबण लावून, पंधरा मिनिटं. हळद-चुना नको.

सुईच कशाला, गोळी का नाही काढत?

कारण पोट अँटिबॉडी आणि डाळ यांत भेदभाव करत नाही, दोन्ही पचवून टाकतं. म्हणून ही औषधं सुईनेच द्यावी लागतात. शिवाय प्रथिनाचा दुमडलेला आकार उष्णतेने बिघडतो आणि गोठल्यानेही. तो बिघडला की औषध संपलं. म्हणून २ ते ८ अंश. परळहून थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन कल्याण लोकल पकडणारे नातेवाईक रोज दिसतात. घरी पोचल्यावर ‘थंड हवं ना’ म्हणून कुणीतरी तो डबा फ्रीजरमध्ये सरकवतं, आणि तिथे सगळी मेहनत वाया जाते. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरला टेकू देऊ नका आणि बाटली खळाखळा हलवू नका.

बायोसिमिलर म्हणजे डुप्लिकेट का?

नाही. बायोसिमिलर म्हणजे मूळ कंपनीच्या अशा औषधाची दुसऱ्या कंपनीने बनवलेली आवृत्ती. पण जेनेरिकसारखं ‘तेच ते’ही नाही. मीठ कुठल्याही दुकानातून आणा, मीठच असतं. पॅरासिटामॉलचं तसंच आहे. लहानसा रेणू, रसायनांपासून बनवलेला, दहा कंपन्यांनी बनवला तरी अणू न् अणू सारखा. अँटिबॉडीचं मात्र दह्यासारखं असतं. एकच विरजण दोन घरांत नेलं तरी दूध, भांडं आणि रात्रीचा उकाडा यांनुसार दही थोडं वेगळं लागतं. दोन्ही दहीच, दोन्हींची कढी होते. कारखान्यातही जिवंत पेशी मोठ्या टाक्यांत वाढवतात. तापमान, आम्लता, प्राणवायू, खाद्य यांत जरा इकडेतिकडे झालं की अँटिबॉडीला चिकटणाऱ्या साखरेच्या कणांत फरक पडतो. त्यात मूळ कंपनी आपलं विरजण कुणाला देत नाही, दुसऱ्या कंपनीला ते स्वतःच तयार करावं लागतं. खरं तर मूळ कंपनीच्याही दोन लॉटमध्ये बारीक फरक असतातच. प्रश्न एवढाच की त्या फरकाने पेशंटला काही फरक पडतो का. ते सिद्ध करायला प्रयोगशाळेतली तुलना आणि माणसांवरच्या चाचण्या कराव्या लागतात.

भारतात डॉ. रेड्डीजने रिटुक्सिमॅब या औषधाची आपली आवृत्ती २००७ मध्ये आणली, तेव्हा इथे यासाठी वेगळे नियमही नव्हते. ते २०१२ मध्ये आले आणि २०१६ मध्ये सुधारले गेले. त्या सुरुवातीच्या काळातला संशय मला समजतो. पण २०१७ मध्ये बायोकॉनच्या ट्रास्टुझुमॅबला अमेरिकेने मंजुरी दिली. तेव्हा ‘इंडियन आहे म्हणजे हलकं’ हे आता धरून बसण्यासारखं नाही. फक्त केमिस्टने परस्पर ब्रँड बदलला तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि प्रत्येक डोसच्या वेळी बाटलीवरचं नाव आणि बॅच नंबर फाइलवर लिहून घ्या. पुढे काही त्रास झाला तर तो नेमका कशाने हे त्यावरूनच कळेल.

‘आमच्या घरी प्राण्याचं चालत नाही’

हा प्रश्न आपल्या शहरात खरोखर विचारला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बऱ्याच अँटिबॉडी चायनीज हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत बनतात. पण त्यासाठी आज प्राणी मारत नाहीत. १९५७ च्या सुमाराला घेतलेल्या पेशींचा वंश टाक्यांत आजवर वाढतो आहे, आणि शेवटच्या औषधातून पेशी गाळून काढलेल्या असतात. सुरुवातीची मॅब औषधं पूर्ण उंदराच्या प्रथिनाची होती आणि माणसाचं शरीर त्यांवरच उलटायचं. म्हणून पुढे जनुक बदलून त्यांचा बराचसा भाग माणसासारखा केला गेला.

म्हणजे साइड इफेक्ट नाहीत?

आहेत, फक्त केमोसारखे नाहीत. पहिल्या डोसला थंडी वाजून ताप येणं नेहमीचं, म्हणून सलाईन हळू सोडतात. ट्रास्टुझुमॅब हृदयावर ताण आणू शकतं, म्हणून दर तीन महिन्यांनी टू-डी एको. तो ‘उगाच खर्च’ नाही.

मुंबईकराने सगळ्यात जास्त जपायचं ते संधिवात, सोरायसिस, आतड्यांच्या सुजेसाठी दिल्या जाणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब यांच्या बाबतीत. ती टीएनएफ नावाचा सूज वाढवणारा निरोप अडवतात. तोच निरोप शरीरात झोपलेल्या टीबीला कोंडून ठेवत असतो. आपल्याकडे असा झोपलेला टीबी कित्येकांच्या छातीत असतो, त्यांना स्वतःला पत्ताही नसतो. म्हणून ही औषधं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू किंवा इग्रा टेस्ट झालीच पाहिजे. डॉक्टर विसरले तर आठवण करा.

एवढं महाग का, आणि कमी होईल का?

पेटंट, टाक्या, शुद्धीकरण, थंड साखळी, चाचण्या, सगळ्यांचा खर्च त्यात आहे, आणि कंपनीला जितकं घेता येईल तितकं घेण्याची इच्छाही आहे. पण किंमत फक्त कारखान्यात उतरते असं नाही.

पवईच्या आयआयटीत तयार झालेली नेक्सकार-१९ ही थेरपी याच जातकुळीतली. त्यात अँटिबॉडीचा पकडणारा तुकडा पेशंटच्या स्वतःच्या टी-पेशींवर, म्हणजे संरक्षण करणाऱ्या पेशींवर, बसवतात आणि त्या पेशी रक्ताचा कॅन्सर हुडकून मारतात. खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात चाचण्या झाल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. परदेशात तीन-चार कोटींना पडणारं हे काम इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आलं. तरीही तीस-चाळीस लाख हा आपल्या घरांत घर विकायचा आकडा आहे.

मला जास्त मोलाचा वाटतो तो टाटा मेमोरियलचाच दुसरा प्रयोग, कारण त्यात नवं काही शोधलेलंच नव्हतं. तोंडाच्या आणि घशाच्या पसरलेल्या कॅन्सरवर निवोलुमॅब दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात, आणि ते परवडणारे पेशंट जनरल वॉर्डात जवळपास नसतातच. तिथल्या डॉक्टरांनी १५१ पेशंटांवर चाचणी केली. सगळ्यांना स्वस्त गोळ्यांची केमो, आणि निम्म्यांना त्याबरोबर दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. वर्षभराने जिवंत असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के होतं, औषध जोडलेल्या गटात ४३.४ टक्के. पूर्ण डोसशी तुलना यात झालेली नाही, त्यामुळे ज्याला पूर्ण डोस परवडतो त्याने तो कमी करावा असं यातून निघत नाही. ज्याला काहीच मिळणार नव्हतं त्याच्यासाठी मात्र हिशेब बदलला. निवोलुमॅबची ४० मिलिग्रॅमची कुपी मिळते. २० चा डोस म्हटला की एका कुपीत दोघांचं भागतं. फक्त दोघांना एकाच दिवशी बोलवावं लागतं, कारण उघडलेली कुपी पुढच्या आठवड्यापर्यंत ठेवून चालत नाही.